वाहून गेलेल्या मातीचा मालक

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड नावाचे राज्य आहे, आणि त्या राज्यात गनपावडर, म्हणजे चक्क बंदुकीची दारू, असे भलतेच नाव असलेली एक नदी आहे. दिवाळीच्या दिवसांत दारूचे नाव निघाले म्हणून बाळगोपाळांनी कान टवकारू नयेत. ही हकीकत चिखलाची आहे. या नदीच्या मुखाजवळ अठराव्या शतकात जोपा नावाचे एक नांदते बंदर होते. १७१२ पासून १७६८ पर्यंत ते बाल्टिमोर काउंटीचे मुख्य ठाणे होते. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. मात्र तिचे स्वतःचे निवडून दिलेले मंडळ असते आणि स्थानिक नियम करण्याचे बरेच अधिकार त्या मंडळाच्या हाती असतात.

जोपाला न्यायकचेरी होती, वखारी होत्या, आणि सारा व्यवहार तंबाखूचा होता. तंबाखूची पाने दाबून भरलेली हजार हजार पौंडांची लाकडी पिंपे बैलाघोड्यांकडून, नाहीतर माणसांकरवी, रस्त्याने गडगडत बंदरावर आणीत. या रस्त्यांना ‘गडगडीचे रस्ते’ असेच नाव पडले होते. धक्क्यावर दगडी खुंट रोवलेले होते. विलायतेहून आलेल्या जहाजांचे दोर त्यांना बांधीत. १९४५ साली गॉट्शाल्क नावाच्या भूशास्त्रज्ञाने चेसापीक उपसागराच्या वरच्या भागातील गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याने नमूद केले की, जोपाचे हे खुंट जहाज चालेल अशा पाण्यापासून आता दोन मैल आणि त्याहूनही दूर, कोरड्या जमिनीत उभे आहेत.

समुद्र कोणी मागे सारला? तंबाखूच्या शेतकऱ्याने. तंबाखू हे मोठे खादाड पीक. तीन-चार वर्षांत जमीन थकते. मग पुढचे जंगल तोडायचे, मुळे तशीच ठेवून कुदळीने उकरायचे, आणि जुने शेत उघडे टाकून द्यायचे. त्या उघड्या उतारावरची माती पावसाने ओहोळात, ओहोळातून नदीत आणि नदीतून बंदरात येऊन बसली. ज्या मालासाठी बंदर बांधले, त्याच मालाच्या शेतीने ते बुजविले. अर्थात जोपा उजाड होण्याला इतरही कारणे झाली. शेजारी बाल्टिमोर वाढत होते, आणि १७६८ मध्ये कचेरी तिकडे गेली. पण कचेरी गेल्यावरही एखादे बंदर बंदर म्हणून जगते. पाणी गेल्यावर जगत नाही.

बाल्टिमोरच्या लोकांना ही धास्ती आधीच पडली होती असे दिसते. १७५३ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने पटॅप्स्को नदीतील नौकानयन बिघडू नये म्हणून एक कायदा केला. या नदीच्या काठावर लोखंडाचे दगड खणून काढीत आणि त्या खोदकामाची माती पाण्यात जाई. कायद्याने सांगितले ते असे: भरतीच्या रेषेखाली किनाऱ्यावर कोणीही माती, वाळू वा घाण टाकू नये, टाकायचीच असेल तर दगडी भिंतीने किंवा एकात एक खाचा बसविलेल्या ओंडक्यांच्या कोंडाळ्याने ती अशी बंदिस्त करावी, की वाहून नदीत जाणार नाही. हे कलम वाचले तेव्हा मी क्षणभर थबकलो. खणायला बंदी नाही, किनाऱ्यावर माती टाकायलाही बंदी नाही. फक्त तू उकरलेली माती तुझ्याच जागी राहिली पाहिजे आणि तिला अडवण्याचा खर्च तुझा. आज अमेरिकेतल्या मोठ्या बांधकामांवर लागू असलेला नियम याहून मोठे काही सांगत नाही.

एवढे मात्र खरे की त्या कायद्याची नजर पाण्याच्या काठावर होती. काठावर टाकलेली माती डोळ्यांना दिसते, टाकणारा हाती लागतो. दहा मैलांवरच्या टेकडीवरच्या शेतातून जी आली ती कोणाची? हा प्रश्न सुटायला पुढे दोनशेहून अधिक वर्षे लागली. दरम्यान ॲनाकोस्टिया नदीवरचे, १७४२ मध्ये वसवलेले ब्लेडन्सबर्ग बंदरही गाळाने भरून निकामी झाले.

माझे आजोळ राजापूरचे, त्यामुळे गाळाने मेलेले बंदर म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी जिथे वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी जी लुटली, त्या राजापूरला आज कोणते जहाज येते? खाडी उथळ झाली. मोठी गलबते फार पूर्वीच खाली मुखाकडे थांबू लागली. आता पावसाळ्यात बातमी येते ती बाजारपेठेत पुराचे पाणी शिरल्याची. पाण्याची जागा मातीने घेतली की पाणी माणसांची जागा घेते.

विसाव्या शतकात अमेरिकेने मातीकडे पाहिले ते धुळीमुळे. १९३०च्या दशकात मधल्या सपाट मुलखातली जमीन वाऱ्याने उडू लागली. १९३५च्या वसंतात तिकडची धूळ थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचली. ह्यू बेनेट हा मृद्संधारणाचा खंदा पुरस्कर्ता त्याच सुमारास काँग्रेससमोर साक्षी देत होता, आणि खिडकीबाहेरचे अंधारलेले आकाश हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा ठरला. २७ एप्रिल १९३५ रोजी मृद्संधारणाचा कायदा झाला. दोन वर्षांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांच्या गव्हर्नरांकडे एक नमुना-कायदा धाडला: प्रत्येक राज्याने स्थानिक शेतकऱ्यांची ‘मृद्संधारण मंडळे’ स्थापावीत. गावातलाच जाणता शेतकरी आपल्या ओढ्याचा, आपल्या उताराचा विचार करील, ही त्यामागची कल्पना. समतल नांगरट, गवताच्या पट्ट्या, ताली घालणे अशी कामे या मंडळांनी केली. घरे बांधणाऱ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तो संबंध बुलडोझरने आणला. दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्या करण्यासाठी वापरलेले हे यंत्र युद्धानंतर घरबांधणीत उतरले. पूर्वीचा गवंडी झाड चुकवून, उतार सांभाळून एकेक घर बांधी. आता शंभर एकर टेकडी एका दमात सोलून काढायची, सपाट करायची आणि वर्ष-दोन वर्षे तशीच उघडी ठेवून सवडीने घरे उठवायची, अशी रीत पडली. वॉशिंग्टनच्या कुशीतल्या मॉन्टगोमेरी काउंटीची लोकसंख्या १९४० मध्ये ८४ हजार होती. १९६० मध्ये ती ३ लाख ४१ हजार झाली. एवढ्या माणसांच्या घरांखालची जमीन केव्हा ना केव्हा उघडी पडलीच असणार.

ती माती मोजणारा माणूस होता गॉर्डन वोल्मन, मित्रमंडळींत ‘रेड्स’. त्याचे वडील एबल वोल्मन हे पिण्याच्या पाण्यात क्लोरिनची मात्रा किती घालावी याचे शास्त्र बसविणाऱ्यांपैकी एक, म्हणजे आपल्या नळाचे पाणी निर्धोक होण्यात या घराण्याचा हात आहे. बापाने नळाचे पाणी स्वच्छ केले, मुलगा ओढ्याच्या गढूळ पाण्यात उतरला. १९६४ मध्ये त्याने मेरीलँडच्या जलप्रदूषण आयोगाला बांधकामापासून होणाऱ्या गाळावर एक अहवाल दिला, आणि १९६७ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांतले आकडे आजही वाचताना डोळे विस्फारतात. जंगल असलेल्या खोऱ्यातून दर चौरस मैलामागे वर्षाला शंभर टन किंवा त्याहूनही कमी माती जाते. शेतीच्या मुलखात तीनशे ते आठशे टन. आणि बांधकामासाठी सोललेल्या लहान जागेवरून? एके ठिकाणी हा दर निघाला १ लाख ४० हजार टन! मौज अशी की ही जागा जेमतेम दीड एकराची होती आणि होती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे वोल्मनच्या स्वतःच्या नोकरीच्या ठिकाणी. सरस्वतीच्या मंदिराची माती मोजताना या गृहस्थाने काटा हलका धरला नाही, याचे मला कौतुक वाटते.

पलीकडे व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीतल्या स्कॉट रन नावाच्या ओढ्यावर १९६१ ते १९६४ या काळात मोजणी झाली. महामार्गाचे काम चाललेली जागा एकूण खोऱ्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच होती. ओढ्यातल्या गाळापैकी ८५ टक्के तिथून आला होता. नांगरलेल्या शेताच्या दसपट, गवताळ रानाच्या दोनशेपट आणि जंगलाच्या दोन हजारपट माती ती उघडी जमीन सोडीत होती.

याच काउंटीत बारक्रॉफ्ट नावाचे तळे आहे. १९१५ मध्ये ॲलेक्झांड्रिया शहराच्या पाण्यासाठी ते बांधले. पुढे शहराला ते पुरेना, तेव्हा विकले गेले, आणि १९५०च्या दशकात त्याच्या काठी ऐटबाज बंगले उठले. लोकांनी तळ्याच्या शोभेचे पैसे मोजले आणि थोड्याच वर्षांत तळ्याच्या तोंडाशी गाळाची बेटे दिसू लागली. वरच्या अंगाला कोणी दुसरा घरे बांधीत होता, त्याच्या टेकडीची ती माती होती. बंगल्यांची माती तळ्यात आणि तळ्याच्या जोरावर बंगल्यांची किंमत, असा हा विचित्र हिशेब. सरकारी गाळ-तज्ज्ञांनी १९५९ साली या तळ्यावर एक स्वतंत्र टिपण लिहिले, यावरून तक्रार किती मोठी होती ते समजावे. तळ्याकाठचे हे रहिवासी वकील, अधिकारी, बोलकी माणसे होती. गरीब कोळ्याच्या खाडीत गाळ आला असता तर टिपण निघाले असते की नाही, याविषयी मला शंका आहे.

मॉन्टगोमेरी काउंटीने १९६५ मध्ये गाळ-नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. असे करणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या काउंट्यांपैकी ती एक. १९७० मध्ये मेरीलँडने साऱ्या राज्यासाठी कायदा केला, आणि असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले. जमीन उकरण्यापूर्वी माती कशी अडवणार याचा आराखडा करायचा आणि तो मंजूर करून घ्यायचा. कोणाकडून? तर त्या शेतकऱ्यांच्या मृद्संधारण मंडळाकडून! नांगर धरणाऱ्यांसाठी निर्माण झालेल्या मंडळापुढे आता बुलडोझरवाल्याला नकाशे घेऊन उभे राहावे लागले. उतार कोणत्या बाजूला फुटतो आणि पावसात कोणता ओहोळ पेटतो हे राजधानीतल्या अधिकाऱ्यापेक्षा तिथल्या माणसाला ठाऊक, हे सूत्र कायम राहिले.

या नियमांतली सूट फार बारीक आहे. पाच हजार चौरस फुटांहून कमी जमीन आणि शंभर घनयार्डांहून कमी माती हलवणार असाल तरच आराखड्यातून सुटका. आपल्या भाषेत, साडेचार गुंठे आणि सत्तावीस ब्रास. म्हणजे एखाद्या मोठ्या घराचा चौथरादेखील नियमात येतो.

दोन वर्षांपूर्वी गेथर्सबर्गला मुलीकडे तीन महिने राहिलो, तेव्हा हे सारे घरासमोरच पाहायला मिळाले. वॉशिंग्टनभोवतालच्या या उपनगरांत मराठी घरे पुष्कळ. समोरच्या मोकळ्या रानात नवी वसाहत होणार होती. मला वाटले, आधी झाडे पाडतील. पण आधी आले ते गुडघ्याएवढ्या उंचीचे काळे कापड. उताराच्या खालच्या कडेने खुंट्या ठोकून त्यांनी ते ताणले आणि त्याची खालची कड चरात पुरली. मग रस्त्याला लागून मोठ्या खडीचा एक पट्टा अंथरला. ट्रकच्या चाकांची माती तिथेच झडावी, सार्वजनिक रस्त्यावर येऊ नये म्हणून. मग सर्वांत सखल कोपऱ्यात एक खड्डा खणला. गढूळ पाणी त्यात थांबायचे, माती तळाशी बसायची आणि वरचे पाणी नळीने बाहेर पडायचे. एकरामागे ३,६०० घनफूट, म्हणजे छत्तीस ब्रास मावेल एवढी जागा या खड्ड्यात ठेवावी लागते. एवढे झाल्यावर तपासनीस येऊन पाहून गेला, आणि मगच पहिले झाड पडले.

जो भाग खणून झाला त्यावर ताबडतोब गवताचे बी टाकून वर पेंढा पसरीत. कडेच्या बांधांवर आणि तीव्र उतारांवर तीन दिवसांत, इतरत्र सात दिवसांत, असा आता मेरीलँडचा नियम आहे. ते पाहून मला हसू आले. आपली मुले दिवाळीत किल्ला करतात, तेव्हा बुरुजाच्या उतारावर मोहरी नाहीतर हळीव पेरतात, ती काय फक्त शोभेसाठी? ज्या वर्षी परतीचा पाऊस लांबतो, त्या वर्षी न पेरलेला किल्ला नरकचतुर्दशीपर्यंत अंगणातून वाहून जातो आणि पेरलेला टिकतो. हे प्रत्येक मराठी पोराला माहीत आहे. मुलीला म्हटले, “अगं, हे तर आपले हळीव.” ती म्हणाली, “हो बाबा, पण इथे नाही पेरलं तर दंड होतो.”

त्या दंडाची मला खरोखर असूया वाटली. आमच्या आजोळच्या वाडीच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी एका इमारतवाल्याने डोंगराची कूस कापली. मे महिन्यात कापली, आणि लाल मातीचा ढीग तसाच उताराला टेकवून ठेवला. मृगाच्या तिसऱ्या दिवशी मामेभावाची विहीर लाल झाली. खालच्या दोन कुणग्यांवर वीतभर रेव बसली आणि त्या वर्षी भात लागले नाही. मामेभाऊ एका कचेरीतून दुसरीत हिंडला. जमीन त्याच्या मालकीची, बांधकाम परवान्याने चाललेले, पाऊस आकाशातला. मग तक्रार कोणावर? त्या कागदोपत्री जगात मातीला मालक होता तोवर, जोवर ती डोंगरावर होती. ती घरंगळून मामेभावाच्या विहिरीत पडली त्या क्षणी बेवारस झाली.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. पंजाबात होशियारपूरच्या डोंगरांवरून उतरणारे ‘चो’ नावाचे रेताड नाले शेते बुडवीत, म्हणून १९०० सालीच तिथे जमीन-रक्षणाचा कायदा झाला; २०१८ मध्ये फरीदाबादजवळची एक वसाहत पाडण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिला, त्यात या जुन्या कायद्याचा मोठा आधार होता. मुंबई इलाख्यात १९४२च्या जमीन-सुधारणा कायद्याखाली शेतांवर समतल बांध घातले गेले. गोव्याच्या नगर-नियोजन कायद्यात डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला लेखी परवानगी लागते असे कलम आहे. पण कापलेला डोंगर पहिल्या पावसाआधी कोणी, कोणत्या दिवसापर्यंत, कशाने झाकायचा, आणि नाही झाकला तर उद्या सकाळी येऊन काम कोण थांबवणार, हा बारीकसारीक तपशील मामेभावाला कोणत्याच कचेरीत मिळाला नाही.

मेरीलँडात सारे आलबेल आहे अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. काळ्या कापडाच्या मागे वाळू अडते, रेव अडते. चिकणमातीचा अतिबारीक कण कापडातून आणि खड्ड्यातूनही निसटतो, आणि ओढ्याला दुधी रंग आणतो तो तोच. कापड फाटते, खड्डा भरला तरी उपसत नाहीत, तपासनीस कमी आणि जागा फार. नियम झाला तरी १९८४ मध्ये अंमलबजावणीची सूत्रे राज्याला आपल्याकडे घ्यावी लागली; काही काउंट्या आपल्याच इमारतवाल्यांकडे काणाडोळा करीत, हे उघड गुपित होते. जी काउंटी काम नीट करील तिला अधिकार परत द्यायचे, असा तोडगा काढला. स्थानिक माणसाला ओढा ठाऊक असतो तसा इमारतवाल्याचा मेहुणाही ठाऊक असतो, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आणि मोठ्या पावसापुढे कापड काय करणार? जून १९७२ मध्ये ॲग्नेस नावाचे वादळ आले. त्याने चेसापीक उपसागरात एवढा गाळ लोटला की पाण्याखालची गवताची कुरणे गुदमरून मेली. त्याच वादळात बारक्रॉफ्टच्या धरणाची मातीची बाजू वाहून गेली आणि तळे रिकामे झाले. रहिवाशांनी पुढच्या वर्षी आपला स्वतंत्र पाणलोट-सुधार विभाग स्थापन केला, स्वतःवर कर बसवून घेतला, धरण दुरुस्त केले आणि गाळ काढायचे काम अंगावर घेतले. जोपाच्या बाबतीत मात्र असे काही कोणी केले नाही. १९६०च्या दशकात त्या परिसरात जोपाटाउन नावाची नवी वसाहत उठली.

वोल्मन २०१० मध्ये वारला. त्याच्या शेवटच्या वर्षांत या साऱ्या इतिहासाला एक अनपेक्षित पान जोडले गेले. २००८ मध्ये रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स या पेन्सिल्व्हेनियातल्या दोन भूशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या भागातल्या ओढ्यांचे जे उंच मातकट काठ सर्वांना नैसर्गिक वाटत होते, ते नैसर्गिक नव्हतेच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पाणचक्क्यांसाठी हजारो लहान धरणे घातली गेली. १८४०च्या शिरगणतीत पूर्वेकडच्या काउंट्यांत ६५ हजारांहून अधिक पाणचक्क्या नोंदल्या आहेत. टेकड्यांवरून वाहून आलेली शेतांची माती त्या धरणांमागे थरावर थर साचली. चक्क्या बंद पडल्या, धरणे फुटली, आणि ओढे त्या गाळातून खोल कापीत निघाले. आज पुरात जो काठ ढासळतो तो कोणा एका गेलेल्या शेतकऱ्याच्या शेताचा वरचा थर आहे. नव्या बांधकामाभोवती कापड ताणता येते. या मातीला दंड लावायला माणूसच उरलेला नाही.

त्याच प्रदेशात लँकेस्टरजवळ बिग स्प्रिंग रन नावाचा ओढा आहे. २०११ मध्ये तिथे या जुन्या गाळाचे वीस हजारांहून अधिक टन खणून काढले. खाली काळीभोर, पाणथळ कुरणाची माती लागली, आणि त्या मातीत लव्हाळ्यासारख्या दलदलीतल्या गवतांचे बी अजून जसेच्या तसे होते.